वऱ्हाडचे नबाब आणि दोन कादंबऱ्या

अमरावतीत ऑटोरिक्षावाल्याला खापर्डे बगीचा एवढे सांगितले की पुरते. पुढचा पत्ता तो विचारत नाही, नेऊन सोडतो. तीन वर्षे मी याच रस्त्याने कॉलेजला ये-जा करते आहे. घरे आहेत, दुकाने आहेत, गर्दी आहे. नाव मात्र बगीच्याचे आणि खापर्ड्यांचे. हे खापर्डे कोण, असे मी एकदा वर्गातल्या मैत्रिणींना विचारले. एकीने सांगितले, असतील कोणी जुने जमीनदार. दुसरीला ते नाव साईबाबांच्या पोथीत वाचल्याचे आठवत होते. तिसरी हसून म्हणाली की बसथांब्याच्या नावाचा एवढा विचार कोणी करत नाही. मी गप्प बसले, कारण आमच्या घरात हे नाव लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि तेही एका निराळ्या कारणाने. ते कारण लेखाच्या शेवटाकडे सांगेन. आधी सांगितले तर वाचक या माणसाचे चरित्र नीट ऐकून घेणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

या लेखाचे निमित्त मात्र घरचे नाही, वर्गातले आहे. इंग्रजीच्या तासाला आम्हाला दोन अमेरिकन कादंबऱ्या होत्या. एक हर्मन मेलव्हिलची १८५१ साली प्रसिद्ध झालेली ‘मोबी डिक’ आणि दुसरी एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची १९२५ सालची ‘द ग्रेट गॅट्सबी’. दोन्हींच्या नायकांची तुलना करा, असा निबंध सरांनी घालून दिला. मी सहा पाने लिहिली. सरांनी वही परत दिली तेव्हा खाली एवढाच शेरा होता की, दोघांत अधिक दोषी कोण हे तू ठरवलेस, पण दोघांना मोठे कशाने केले हे लिहायचे राहून गेले. पुढे वर्गात बोलता बोलता सर म्हणाले की अशी माणसे पाहायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही, आपल्या गावच्या जुन्या वाड्यांतही ती सापडतात. त्या दिवशी घरी जाताना नेहमीचा थांबा आला आणि मला दादासाहेब खापर्डे आठवले.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी दोन शब्द. कॅप्टन अहाब हा देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान. एका पांढऱ्या देवमाशाने त्याचा पाय तोडून नेलेला असतो. त्या माशाचा सूड हेच त्याचे जीवितकार्य होऊन बसते. त्याच्या लेखी तो नुसता मासा राहत नाही. जगात जे जे क्रूर आणि अन्यायी आहे त्याचा तो मुखवटा होतो. म्हणून अहाब खलाशांना, जहाजाला, मालकांच्या नफ्याला, कशालाच जुमानत नाही. जय गॅट्सबी याचे वेड दुसऱ्या प्रकारचे. तरुणपणी ज्या मुलीवर प्रेम केले ती श्रीमंताघरी दिली गेली. मग याने भल्याबुऱ्या मार्गांनी पैसा मिळवला, तिच्या घरासमोर खाडीच्या पलीकडे प्रासाद घेतला, आणि कधीतरी ती येईल म्हणून दर आठवड्याला शेकडो लोकांना मेजवान्या दिल्या. गेलेला काळ परत आणता येतो अशी त्याची बालिश पण निर्मळ श्रद्धा होती. शेवटी अहाब बुडतो आणि जहाजालाही बुडवतो. गॅट्सबी गोळीला बळी पडतो, आणि ज्यांनी त्याचे अन्न खाल्ले त्यांतले जवळजवळ कोणीही त्याच्या अंत्यविधीला येत नाही.

दोघांत साम्य एवढेच की दोघांनी आपल्यापेक्षा मोठी अशी एकच गोष्ट धरली आणि तिच्यापायी बाकीचे सगळे पणाला लावले. त्यांचा मोठेपणा त्यातच आहे, आणि त्यांचा दोषही त्यातच आहे. हे सूत्र हाताशी धरून आता मी अमरावतीकडे वळते.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडातील इंगरोली येथे झाला. गणेश चतुर्थीचा जन्म म्हणून नाव गणेश. वऱ्हाड त्या वेळी नुकताच, म्हणजे १८५३ साली, निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. नवे राज्य, नव्या कचेऱ्या, नवी इंग्रजी शाळा आणि कापसाच्या भावाने फुगत चाललेल्या बाजारपेठा, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. उच्च शिक्षणासाठी तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मय हे त्याचे आवडते विषय. पदवीनंतर १८८४ मध्ये कायद्याची परीक्षा पास होऊन तो वऱ्हाडात परतला आणि मुनसफ म्हणून सरकारी नोकरीत लागला. पुढे असिस्टंट कमिशनरचे कामही त्यांनी पाहिले. त्या काळी वऱ्हाडातल्या तरुणाला याहून सुरक्षित आयुष्य मिळणे कठीण होते.

परंतु १८९० च्या सुमारास खापर्ड्यांनी नोकरी सोडली आणि अमरावतीत स्वतंत्र वकिली सुरू केली. वकिली अशी चालली की थोड्याच वर्षांत त्यांचे नाव वऱ्हाडभर झाले. बिनतोड युक्तिवाद, हजरजबाबीपणा आणि समोरच्याला हसवत हसवत चीत करण्याची हातोटी, ही त्यांची शस्त्रे. पैसा येऊ लागला आणि तो तसाच जाऊही लागला. वाड्यात पंक्तीवर पंक्ती उठत. पाहुणा किती दिवस राहणार हे विचारण्याची पद्धत त्या घरी नव्हती. गवई, नट, शास्त्री, पहिलवान, गावोगावचे पक्षकार आणि राजकारणी कार्यकर्ते या सर्वांना त्या घरचे दार उघडे होते. घोडे, गाड्या, नोकरचाकर यांचा थाट एवढा की लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणू लागले. संगीत आणि नाटक यांचे ते मोठे शौकीन होते. १९०५ साली मुंबईत पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी अमरावतीच्या या वकिलाचीच निवड झाली होती. नाटकाला अजून प्रतिष्ठित समाजात खालचे स्थान होते त्या काळी हे घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इथपर्यंत गॅट्सबी आठवल्यावाचून राहत नाही. तोच प्रासाद, तोच पाहुण्यांचा राबता, तोच हात सैल सोडलेला खर्च. मात्र गॅट्सबीचा पैसा चोरट्या दारूच्या धंद्यातला, तर खापर्ड्यांचा स्वतःच्या बुद्धीचा आणि मेहनतीचा. शिवाय गॅट्सबी आपल्याच मेजवानीत कोपऱ्यात एकटा उभा असे. खापर्डे पंक्तीच्या मध्यभागी बसून सर्वांना हसवत. तरीही एक साम्य उरतेच. एवढा सगळा थाट हे त्यांचे अंतिम ध्येय नव्हते. त्यांचा दिवा खाडीच्या पलीकडे जळत होता. त्या दिव्याचे नाव बाळ गंगाधर टिळक.

टिळक आणि खापर्डे यांचा स्नेह हा आपल्या राजकीय इतिहासातला एक हृद्य भाग आहे. दोघांच्या स्वभावात केवढे अंतर! टिळक काटकसरी, करारी, कामापुरते बोलणारे. खापर्डे खर्चिक, रंगेल, बोलण्यात रमणारे. पण एकदा टिळकांना नेता मानल्यावर खापर्ड्यांनी मागे पाहिले नाही. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. ते वर्ष मोठे कठीण होते. पुण्यात प्लेग, जूनमध्ये रँडवर झालेला हल्ला, आणि मागोमाग केसरीतल्या लेखांवरून टिळकांना झालेली राजद्रोहाची शिक्षा. अधिवेशन भरले तेव्हा टिळक तुरुंगात होते. आपल्या गावी सबंध हिंदुस्थानचे पुढारी आले आहेत आणि ज्याने यायला हवे तो गजाआड आहे, या अवस्थेत खापर्ड्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले.

पुढे १९०६ मध्ये कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला ते टिळकांबरोबर गेले. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हाही ते टिळकांच्या बाजूला होते. त्या वेळचे राष्ट्रीय पक्षाच्या पुढाऱ्यांचे एक छायाचित्र आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहतो. अरविंद घोष, टिळक, अजितसिंग आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर त्यात खापर्डेही आहेत. १९०८ साली अकोल्याला शिवजयंतीचा उत्सव झाला आणि टिळक त्यासाठी आले. शेगावचे गजानन महाराज त्या सभेस हजर होते, हे दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथामुळे वऱ्हाडातल्या घराघरांत माहीत आहे. त्याच कथाभागात खापर्ड्यांचेही नाव येते. आमच्या अकोला जिल्ह्यात पारायणाला बसणारी प्रत्येक म्हातारी हे नाव वर्षातून एकदा तरी उच्चारते, पण त्या नावामागे केवढा मोठा माणूस आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते.

त्या सभेनंतर थोड्याच दिवसांत, २४ जून १९०८ रोजी, टिळकांना मुंबईत अटक झाली. २२ जुलैला न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली आणि टिळकांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला झाली. आणि इथे खापर्ड्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग येतो. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांचे अपील चालवायचे तर कोणीतरी विलायतेला जाऊन ठाण मांडून बसायला हवे होते. खापर्डे त्या वेळी चौपन्न वर्षांचे. वकिली ऐन भरात. मोठे कुटुंब, मोठा खर्च. एवढे असूनही त्यांनी चालती वकिली टाकली आणि त्याच वर्षी बोटीवर पाय ठेवला. ते गेले ते दोन वर्षांहून अधिक काळ तिकडेच राहिले.

विचार करा, मित्रांनो. वकिलाची वकिली म्हणजे रोजच्या पाण्यावर जगणारे झाड. पक्षकार दोन वर्षे थांबत नाहीत. इकडे उत्पन्न बंद आणि लंडनचा खर्च चालू, अशी दुहेरी गळती. लंडनमध्ये त्या दिवसांत बिपिनचंद्र पाल होते, विनायकराव सावरकर होते, आणि १९०९ च्या जुलैत मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्यानंतर तर प्रत्येक हिंदी माणसावर पोलिसांची नजर होती. प्रिव्ही कौन्सिलने टिळकांचा अर्ज फेटाळला. तरी खापर्डे लगेच परतले नाहीत. आणखी काही उपाय चालतो का हे पाहत राहिले. सगळे उपाय थकल्यावर, ऑक्टोबर १९१० मध्ये ते परतीच्या वाटेवर आधी ब्रह्मदेशात गेले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटून मगच हिंदुस्थानात आले. दोन वर्षे ज्याच्यासाठी घालवली त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी उभे राहायला केवढे धैर्य लागले असेल! हरलेला वकील अशिलाला तोंड दाखवायला कचरतो. खापर्डे मात्र सरळ घरी न जाता आधी तिथेच गेले.

अहाबशी तुलना इथेच करायची. साम्राज्य नावाच्या पांढऱ्या देवमाशामागे ते साऱ्या समुद्रावर फिरले आणि हाती काही लागले नाही. पण अहाबला हवा होता सूड. खापर्ड्यांना हवी होती मित्राची सुटका. हेतू निराळा असला की वेडाचा रंगही निराळा होतो. अहाबचे जहाज बुडाले; खापर्ड्यांचे जहाज फुटले, पण त्यातला माणूस तरला.

तरला म्हणजे काय झाले, तेही पाहू. अमरावतीस परतल्यावर महिन्याभरातच, डिसेंबर १९१० मध्ये, ते शिर्डीला साईबाबांच्या दर्शनास गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले आणि या खेपेला मार्च १९१२ पर्यंत, तीन महिन्यांहून अधिक काळ, तिथेच राहिले. परत जाण्यास बाबांची परवानगी मिळत नव्हती. सरकारच्या पकडीतून वाचवण्यासाठीच बाबांनी त्यांना ठेवून घेतले, असे भक्तमंडळी मानतात. पत्नी लक्ष्मीबाईही तिथे होत्या. ‘साईसच्चरिता’त त्यांच्या नैवेद्याची आणि त्यांच्या मुलाच्या दुखण्याची कथा आली आहे. याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. बाबांपुढे सर्वजण बोलत, वादही घालत. पण नागपूरचे बुटी, नूलकर आणि खापर्डे हे तिघे मौन धरून बसत. ज्याच्या वक्तृत्वाने कोर्टे गाजली, ज्याच्या विनोदाने सभा हसल्या, तो माणूस एका फकिरापुढे महिनोन्‌महिने तोंड मिटून बसला! हे कसे घडले? मला वाटते, विलायतेतल्या दोन वर्षांनी त्यांच्या शब्दांवरचा त्यांचा स्वतःचा विश्वास थोडा कमी केला असावा. जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनापुढे शब्द खर्चून पाहिले आणि ते वाया गेले. त्यानंतर शब्दावाचून बसता येते का, हे पाहावेसे कोणालाही वाटेल. अहाबला किंवा गॅट्सबीला असे क्षणभर थांबणे कधी जमले नाही. हे खापर्ड्यांना जमले, आणि माझ्या मते त्या दोघांहून ते मोठे ठरतात ते इथे.

खापर्ड्यांनी आयुष्यभर इंग्रजीत दैनंदिनी लिहिली. तिच्यातला शिर्डीचा भाग छापला गेला असून तो आज सहज मिळतो. त्यात चमत्कारांचा गाजावाजा नाही. सकाळी उठलो, प्रार्थना केली, कोण आले, काय वाचले, दुपारी कशावर बोलणे झाले, अशा साध्या नोंदी. आपण फार मोठा त्याग करून आलो आहोत असे सांगणारा शब्द त्यात सापडत नाही. उलट वेळ वाया गेला, उठायला उशीर झाला, असल्या बारीकसारीक गोष्टीही प्रामाणिकपणे टिपलेल्या दिसतात. ही दैनंदिनी नसती तर आपल्यासमोर फक्त नबाब उरला असता. माणूस हरवला असता.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. होमरूलच्या चळवळीत खापर्डे पुन्हा त्यांच्याबरोबर उभे राहिले. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी रौलट विधेयकाला विरोध केला. १९१९ मध्ये होमरूलच्या शिष्टमंडळातून ते पुन्हा विलायतेस गेले. आणि १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. खाडीपलीकडचा दिवा विझला.

यानंतरचे खापर्डे मला गॅट्सबीसारखे वाटतात, आणि या वेळी थाटामाटामुळे नाही. काळ बदलला होता. गांधीजींच्या असहकारात लाखो माणसे ओढली जात होती. खापर्ड्यांना तो मार्ग पटला नाही. कायदेमंडळात शिरून सरकारशी भांडावे हीच टिळकांची रीत, असे त्यांनी धरले आणि नव्या कौन्सिल ऑफ स्टेटचे ते सभासद झाले. यात लोभ होता असे म्हणता येणार नाही. ज्याने लोभ धरला असता त्याने १९०८ साली वकिली टाकली नसती. पण टिळकांचा काळ टिळकांबरोबर संपला आहे, हे त्यांनी मान्य केले नाही. गेलेले वर्ष परत आणता येईल असे त्यांना वाटत राहिले. ज्या गावाने त्यांना डोक्यावर घेतले, त्याच गावातली तरुण पोरे आता खादी घालून दुसऱ्या सभांना जाऊ लागली.

आता ते घरचे कारण सांगते.

माझे पणजोबा अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात एका खेड्यात राहत. जातीने महार. गावात देऊळ होते. त्यांच्यासाठी पायरीही नव्हती. अमरावतीची अंबादेवी ही साऱ्या वऱ्हाडाची आई मानतात. आम्हीही तिची लेकरे, तर आम्हाला दर्शन का नाही, असा प्रश्न १९२७ च्या सुमारास अमरावतीत उघडपणे विचारला जाऊ लागला. विलायतेहून विद्या घेऊन आलेले तरुण वकील डॉ. पंजाबराव देशमुख या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९२७ मध्ये इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या तळ्याचा सत्याग्रह झालेला. पणजोबा परिषदेसाठी गेले. बरोबर शिदोरी होती आणि देवीच्या ओटीसाठी एक नारळ होता, असे आजोबा सांगत.

अंबादेवी देवस्थानच्या पंचांमध्ये त्या वेळी प्रमुख होते दादासाहेब खापर्डे.

पंचांकडून मुदत मागण्यात आली. लोकमत तयार करू, थोडे थांबा, असा एकंदर सूर. सत्याग्रह पुढे ढकलला गेला. दार त्या वेळी उघडले नाही. पणजोबा नारळ घेऊन परत आले. त्यांनी तो फोडला नाही. बरेच दिवस आढ्याला बांधून ठेवला होता, असे आजोबांनी लहानपणी पाहिले होते.

‘मोबी डिक’च्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. दुसऱ्या एका जहाजाचा कप्तान अहाबकडे येतो. त्याचा मुलगा समुद्रात हरवलेला असतो. दोन दिवस तुझे जहाज शोधाला दे, असे तो हात जोडून विनवतो. अहाब दुष्ट नाही. त्यालाही मुलगा आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे देवमासा आहे आणि त्याला वेळ नाही. तो नकार देतो. सरांनी हा प्रसंग वर्गात वाचून दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे समुद्र आला नाही. आढ्याला बांधलेला नारळ आला.

खापर्डे दुष्ट नव्हते, हे मी आत्तापर्यंत सांगत आले आणि ते खरेच आहे. ज्या माणसाने एका बंदिवानासाठी दोन वर्षे इंग्लंडच्या दारात उभे राहून काढली, त्याला दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख माहीत नव्हते असे कसे म्हणावे? साम्राज्याने टिळकांच्या बाबतीत जे केले, म्हणजे अर्ज घ्यायचा, ऐकल्यासारखे करायचे आणि दार लावून घ्यायचे, तेच आपल्या देवळाच्या पायरीवर आपण करीत आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले नसेल का? आले असेल तर रात्री दैनंदिनी लिहिताना त्यांचा हात अडखळला असेल का? मी याचे उत्तर बनवून देणार नाही. मात्र एक गोष्ट मला उमगली आहे. ध्येयवाद माणसाची दृष्टी दूरवर नेतो, पण ज्याची नजर क्षितिजावर खिळते त्याला पुष्कळदा उंबऱ्याशी कोण उभे आहे ते दिसत नाही. पंक्तीला हजारो माणसे जेवली, म्हणजे सगळ्यांनाच बोलावणे होते असे नव्हे.

दादासाहेब खापर्डे १ जुलै १९३८ रोजी निवर्तले. त्यांच्या दैनंदिन्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पंजाबराव देशमुखांनी पुढे शिक्षणसंस्था उभारल्या आणि ते स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. पण दार उघडले तेव्हा पणजोबांना त्यातून आत जायचे उरले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. ज्या देवीसाठी तीस वर्षांपूर्वी पायपीट केली होती, तिच्या गावावरून जाताना ते नंतर हात जोडत नसत. पण तिच्याविषयी वाईट शब्दही कधी बोलत नसत. आजोबा मात्र खापर्ड्यांचे नाव निघाले की उठून बाहेर जात. आमच्या घरी त्या नावाचे चरित्र एवढेच होते.

मागच्या दिवाळीत मी आजोबांना शिर्डीच्या दैनंदिनीतली काही पाने वाचून दाखवली. मंडालेची भेट सांगितली, बुडालेली वकिली सांगितली. ते या वेळी उठून गेले नाहीत. सगळे ऐकून घेतल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की, विलायतेत त्यांना किती दिवस थांबावे लागले होते. मी सांगितले, दोन वर्षांहून जास्त. त्यावर ते मान हलवून म्हणाले की आमचा बाप त्याहून जास्त थांबला होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन थांबलेल्या माणसांचा हिशेब ते एकाच वहीत मांडत होते.

मला वाटते, चरित्र वाचायचे ते असेच. मोठ्या माणसाला एक तर देव्हाऱ्यात बसवायचे, नाही तर चौकात उभे करून दगड मारायचे, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. फिट्झजेराल्ड आणि मेलव्हिल यांनी आपल्या नायकांशी असे काही केले नाही. दोष झाकले नाहीत आणि दोषांपायी मोठेपणाही पुसला नाही. कादंबरीतल्या माणसाला आपण हा न्याय देतो, तर आपल्या गावच्या माणसाला का देऊ नये? मित्रावरची निष्ठा खापर्ड्यांकडून शिकावी. गप्प कधी बसावे, हेही त्यांच्याकडून शिकावे. आणि उंबऱ्यावरच्या माणसाला थांब म्हणताना आपण कोणाची भाषा बोलतो आहोत, हे त्यांच्या चुकीवरून शिकावे.

सरांनी परत दिलेला निबंध मी अजून पुन्हा लिहिलेला नाही. त्याऐवजी हा लेख लिहिला. आता ऑटोरिक्षा खापर्डे बगीच्याशी थांबते तेव्हा मी उतरते आणि क्षणभर उभी राहते. त्या नावामागे मला दोन माणसे दिसतात. एक बोटीवर चढणारा, आणि दुसरा नारळ घेऊन घरी परतणारा. दोघेही वऱ्हाडचेच, म्हणून दोघेही आपलेच.